हाड मोडलं, सांधा निखळला: हाडवैद्याकडे जावं का? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परळमध्ये फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणारे बरेच जण हॉस्पिटलही करून आलेले असतात आणि हाडवैद्यही. पण डॉक्टरांसमोर हाडवैद्याचं नाव काढायला ते घाबरतात, ओरडा बसेल म्हणून. मग जे प्रश्न डॉक्टरांना विचारायचे, ते मला विचारतात. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे आहेत. हाडवैद्यांना नावं ठेवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. हात-पाय वाचावेत म्हणून लिहिलं आहे.

हाडवैद्य नेमकं काय करतात?

हाताने चाचपून हाड कुठे सरकलंय ते शोधतात, ओढून आणि दाबून ते जागेवर आणतात, वर लेप देतात आणि बांबूच्या कामट्या किंवा जाड पुठ्ठा लावून पट्टी बांधतात. काही दिवसांनी पट्टी सोडायची, तेल लावायचं, पुन्हा बांधायची.

मुंबईत हे काम करणारे सगळे एकाच घडणीचे नाहीत. काहींच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. काही जण तालमीतले वस्ताद किंवा पहेलवान. कुस्तीच्या मातीत रोज कुणाचं तरी मनगट मुरगळतं, खांदा उतरतो, त्यामुळे सांधे बसवणारा माणूस आखाड्यात तयार होतोच. काही जण गावाहून येतात आणि ठरलेल्या वारी कुणाच्या तरी खोलीत बसतात. आणि काहींनी कुणाच्याही हाताखाली न शिकता नुसती पाटी लावलेली असते. बाहेरून हे सगळे सारखेच दिसतात, अडचण तिथेच आहे.

रस्त्याकडेला जडीबुटी घेऊन बसणारे वैदू हे वेगळे. त्यांची विद्या वनस्पतींची. त्यांच्याकडून हाड बसवून घेऊ नका.

मुंबईत एवढी हॉस्पिटलं असताना लोक त्यांच्याकडे का जातात?

लोक अडाणी असतात म्हणून जातात, असं म्हणणाऱ्यांनी एकदा महापालिकेच्या हॉस्पिटलच्या हाडांच्या ओपीडीत सकाळी रांगेत उभं राहून बघावं. केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची, मग एक्स-रेची, मग तो एक्स-रे घेऊन पुन्हा डॉक्टरांची. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याचा एक खाडा पडतो, आणि सोबत आलेल्याचाही. खासगीत गेलं की ऑपरेशन सांगतील ही धास्ती. हाडवैद्य रात्री नऊ वाजताही दार उघडतो, हात हातात घेऊन नीट बघतो, आपल्या भाषेत बोलतो आणि पैसे थोडे घेतो. कुणीतरी आपल्या दुखऱ्या अंगाला शांतपणे हात लावला, याचा माणसाला मोठा आधार असतो. आम्ही हॉस्पिटलवाले तिथे कमी पडतो, हे मी मान्य करते.

आमच्या ओळखीतले कितीतरी जण त्यांच्याकडे जाऊन बरे झाले. मग ते खोटं का?

खोटं नाही. पण बरं कशामुळे झालं, हे नीट बघायला हवं.

पडल्यावर जे दुखतं, त्यात मोडलेल्या हाडापेक्षा मुका मार आणि मुरगळणंच जास्त असतं. ते दोन-तीन आठवड्यांत पट्टी, विश्रांती आणि शेक यांनी उतरतं, पट्टी कुणीही बांधलेली असो. दुसरं म्हणजे हाड ही स्वतःहून जुळणारी गोष्ट आहे. चीर पडलीय पण तुकडे सरकलेले नाहीत, असं हाड हलू दिलं नाही की जुळतं. मोठ्या माणसाचं मनगट साधारण सहा आठवड्यांत, लहान मुलाचं तीन-चार आठवड्यांत. प्लास्टरचं कामही तेवढंच, हलू न देणं. हाडवैद्याच्या कामट्या तेच करत असतील तर हाड जुळणारच. मुलांमध्ये तर थोडं वाकडं जुळलेलं हाड वाढीच्या वयात बरंचसं सरळ होतं.

म्हणजे हाड जुळतं का, हा खरा प्रश्न नव्हेच. ते सरळ जुळतं का, सांध्याचा पृष्ठभाग समतल राहतो का, आणि जुळेपर्यंत रक्तवाहिनी आणि नस शाबूत राहते का, हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं बोटांनी चाचपून मिळत नाहीत. शिवाय चांगला झालेला माणूस चाळीत सगळ्यांना सांगत फिरतो. ज्याचा हात कायमचा आखडला, तो बाहीत हात लपवून घरी बसतो. त्याची गोष्ट तुमच्या कानावर येत नाही.

हे आपलं जुनं शास्त्र आहे ना?

मूळ नक्कीच जुनं आणि विचारपूर्वक बांधलेलं आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितलेत. ओढणं, दाबणं, जागेवर आणणं आणि बांधणं असा उपचाराचा क्रम दिलाय. पिंपळ, वड, उंबर, पळस अशा झाडांच्या साली आणि बांबू कामट्यांसारखे वापरावेत असं म्हटलंय. पट्टी थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी, हेही आहे. यातली एक गोष्ट आजच्या प्रत्येक हाडवैद्याच्या भिंतीवर लावावीशी वाटते: पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही, आणि फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पाक (म्हणजे पिकणं) होतो, म्हणून बंध मध्यम असावा. माझ्याकडे येणारे वाईटातले वाईट हात याच सूचनेकडे दुर्लक्ष झाल्याचे असतात.

आधुनिक अस्थिशल्यशास्त्राचंही हाडवैद्यांशी नातं आहे. मांडीचं हाड मोडलेल्या रुग्णाला वॉर्डात ज्या लोखंडी चौकटीत पाय ठेवून झोपवतात, ती थॉमस स्प्लिंट. ती तयार करणारे ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हे वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातले. त्यांनी डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं आणि घरची विद्या सोबत आणली. लंडनचे नामवंत शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्ये डॉक्टरांसमोर व्याख्यान देऊन सांगितलं होतं की हाडवैद्य ज्या रुग्णांना बरं करतात ते का बरे होतात ते शिका, आणि त्यांच्या हातून जे बिघडतं ते टाळा. मग १८९५ साली एक्स-रे आला. त्याआधी डॉक्टर आणि हाडवैद्य दोघेही अंदाजानेच काम करत होते. नंतर एकाला आतलं दिसू लागलं. फरक पडला तो इथे.

पडल्यावर लगेच काय करायचं?

दुखरा भाग आहे त्या स्थितीत आधार देऊन स्थिर करा. हाताला ओढणी किंवा टॉवेलची झोळी, पायाला दोन्ही बाजूंनी उशा किंवा फळी. अंगठी, बांगड्या, घड्याळ, जोडवी ताबडतोब काढा, सूज चढल्यावर ती कापावी लागतात. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको. सरळ करायला जाऊ नका, चोळू नका. हाड मोडल्याची शंका असेल तर काही खायला-प्यायलाही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. चालता येत नसेल तर १०८ ला फोन करा.

हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय, हे घरी कळतं का?

खात्रीने नाही. पण घोट्यासाठी एक उपयोगी खूण आहे, डॉक्टरही ती वापरतात. पडल्यावर लगेच आणि नंतरही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता आली, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचा मागचा काठ व टोक दाबल्यावर हाडावरच दुखत नसेल, तर तिथे मोडण्याची शक्यता फारच कमी. चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा हाडावरच बोट ठेवलं की कळ येते, तर एक्स-रे काढा. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि पायाची संवेदना कमी झालेले मधुमेही यांच्याबाबत या खुणेवर विसंबू नका.

‘बोटं हलतायत म्हणजे मोडलेलं नाही’ हे आपल्याकडे प्रत्येक जण सांगतो. ते चूक आहे. हाड मोडलेलं असतानाही बोटं हलतात.

एक्स-रेत काही नाही म्हणाले, तरी मनगट दुखतंय. आता हाडवैद्याकडे जाऊ?

आधी एक बघा. अंगठा ताणून वर केला की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ एक खोलगट जागा दिसते. तिथे दाबल्यावर दुखतं का? तिथे स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याची चीर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, दहा-चौदा दिवसांनी दिसते. तोवर चोळलं आणि हलवत राहिलं तर ते जुळत नाही आणि त्याचा काही भाग रक्ताअभावी मरू शकतो. ट्रेनमधून उतरताना हातावर पडलेल्या तरुणांमध्ये हे मला बरेचदा दिसतं. पुन्हा एक्स-रे मागून घ्या, संकोच करू नका.

हाडवैद्याने पट्टी बांधलीय. रात्री खूप दुखायला लागलं आणि बोटं सुजली. ‘हाड जुळतंय म्हणून दुखतंय’ असं ते म्हणतात. थांबू का?

थांबू नका. हे उत्तर वाचत असाल तर आधी पट्टी सोडा, मग पुढचं वाचा. वरची एक घडी नव्हे, आतल्या कापसासकट, कातडी दिसेपर्यंत सगळी.

मार लागल्यावर सूज पहिले दोन-तीन दिवस वाढतच जाते. बाहेरून कामट्या आणि पट्टी घट्ट असेल तर तिला पसरायला जागा उरत नाही. मग स्नायूंच्या आतला दाब वाढतो आणि लहान रक्तवाहिन्या मिटतात. स्नायू आणि नसा रक्ताशिवाय थोडेच तास तग धरतात. सहा तासांच्या आसपास कायमचं नुकसान सुरू होतं. स्नायू मेले की आक्रसतात, मनगट वाकतं आणि बोटं पंजासारखी आत वळतात. फोल्कमान नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये या आखडलेल्या हाताचं वर्णन केलं, तेही घट्ट पट्ट्यांवर बोट ठेवून. आज त्यावर उपाय म्हणजे वेळेत वरचं आवरण शस्त्रक्रियेने उघडून दाब मोकळा करणं. वेळ टळली की फिजिओथेरपीने थोडंफार सुधारतं, पूर्ण हात परत येत नाही. मी असे हात वर्षानुवर्षं हाताळते. असे हात झालेल्या मुलांच्या आयांना मी काय उत्तर देऊ, ते मला अजून सापडलेलं नाही.

धोक्याच्या खुणा अशा. वेदना दुखापतीच्या मानाने फार जास्त आणि वाढत जाणारी, गोळीने न थांबणारी. कुणी बोटं हळूच सरळ केली तरी किंचाळायला होतं. बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा. बोटं पांढरी, निळसर किंवा गार. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी न होणं. यातली पहिली दोन सगळ्यांत आधी येतात आणि सगळ्यांत महत्त्वाची आहेत. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी शेवटपर्यंत लागू शकते. पट्टी सोडल्यावर हात छातीच्या पातळीत ठेवा, फार उंच टांगू नका, आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. केईएम, सायन, नायर, जे. जे., कूपर, जे जवळ असेल ते. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

हॉस्पिटलचं प्लास्टरही घट्ट होऊ शकतं, खुणा त्याच आहेत. म्हणूनच ताज्या फ्रॅक्चरला डॉक्टर आधी गोल प्लास्टर न घालता अर्ध्या बाजूचा स्लॅब देतात आणि सूज उतरल्यावर पूर्ण प्लास्टर करतात. ‘डॉक्टरांनी अर्धवटच बांधलं’ म्हणून पुष्कळ जण तो स्लॅब काढून हाडवैद्याकडे जातात. तो अर्धा असतो तो तुमच्या हाताच्या भल्यासाठी.

मुलगा खेळताना पडला, कोपर सुजलंय. चोळून घेऊ का?

नाही. लहान मुलाच्या कोपराला तर अजिबात नाही.

पाच ते सात वर्षांच्या आसपासची मुलं पसरलेल्या हातावर पडली की कोपराच्या जरा वर हाड मोडतं. हाताला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी तिथूनच, हाडाला लागून जाते. ओढाताण केली तर तुकड्याचं टोक तिला इजा करू शकतं. शिवाय कोपराचा एक खास स्वभाव आहे. दुखावलेल्या कोपराला जोराने चोळलं किंवा ताणून वाकवलं की स्नायूंच्या आत नवं हाड तयार होऊ शकतं आणि सांधा जागीच अडकतो. तेल लावून महिनाभर चोळल्यावर लाकडासारखं झालेलं कोपर घेऊन आलेली मुलं मुंबईतल्या कोणत्याही फिजिओथेरपी विभागात भेटतील. प्लास्टर निघाल्यावरसुद्धा मुलाच्या कोपराची मालिश नको. मूल खेळता खेळता ते आपसूक मोकळं करतं, वेळ द्या.

एक प्रकार मात्र वेगळा. दीड-दोन वर्षांच्या मुलाला गर्दीत हाताला धरून वर उचललं, आणि मग ते हात लटकता ठेवून रडतंय. पडलेलं नाही, सूज नाही. यात कोपराजवळचं हाड अस्थिबंधातून थोडं सरकलेलं असतं. जाणकार हात एका हालचालीत ते बसवतो आणि मूल थोड्या वेळात खेळायला लागतं. हे काम अनुभवी हाडवैद्य खरंच छान करतात आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण मूल पडलं असेल किंवा सूज असेल तर हा तो प्रकार नाही.

आई बाथरूममध्ये घसरली. उठता येत नाही, पण हाडवैद्य म्हणतात खुब्याला मुका मार आहे, तेलाने बरं होईल.

मावशी असोत, आजी असोत, साठीपुढच्या माणसाला पडल्यावर जांघेत दुखत असेल आणि पाय टाकता येत नसेल, तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरूनच चाला. पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर शंकाच नको. काही जणींची हाडं एकमेकांत रुतून बसतात आणि त्या दोन दिवस लंगडत चालतातही, मग अचानक तुकडे सरकतात.

खुब्याच्या गोळ्याला रक्त मुख्यतः त्याच्या मानेतून, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागातून, मिळतं, आणि बरेचदा मोडते ती हीच मान. म्हणून तिथे तेल आणि पट्टी चालत नाही. बहुतेकांना ऑपरेशन लागतं आणि तब्येत परवानगी देत असेल तर ते एक-दोन दिवसांत होणं चांगलं. ‘या वयात कशाला ऑपरेशन’ असं घरचे मायेने म्हणतात. पण ऑपरेशन नाही याचा अर्थ खाटेवर महिने काढणं, आणि म्हाताऱ्या माणसाचा जीव जातो तो मोडलेल्या हाडापेक्षा त्या खाटेमुळे: पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गाठी. ऑपरेशनचा खरा हेतू त्यांना लवकर उठवून बसवणं हा असतो.

खांदा निखळला. तालमीतले वस्ताद लगेच बसवतात. बसवू द्यावा का?

खांदा लवकर बसणं चांगलंच, उशीर झाला की स्नायू आवळतात आणि अवघड होतं. पण बसवण्याआधी एक्स-रे हवा, विशेषतः चाळिशीपुढे, कारण सोबत हाडही मोडलेलं असू शकतं आणि झटका दिला की ते सरकतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटत असेल तर नस दुखावलीय, ते बसवणाऱ्याला आधी सांगा. बसल्यावर तीन आठवडे झोळी आणि मग व्यायाम. वस्ताद झोळी सांगत नाहीत आणि पोरगा चौथ्या दिवशी पुन्हा मातीत उतरतो. विशीच्या आतल्या मुलांचे खांदे तर तसेही वरचेवर उतरतात.

जखम आहे आणि आत हाड दिसतंय.

स्वच्छ फडक्याने झाका आणि थेट हॉस्पिटल. लेप, हळद, कॉफी पावडर, काहीही लावू नका. अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन जितकं लवकर तितकं बरं.

दहीहंडीला आमच्या पथकात दरवर्षी कुणीतरी पडतं. काय तयारी ठेवू?

थरावरून पडलेल्याला बगलेत हात घालून उठवू नका, हीच पहिली तयारी. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांत मुंग्या येत असतील, तर डोकं-मान-धड एका रेषेत धरून चार-पाच जणांनी मिळून फळीवर घ्या. मान कुणालाही ‘मोकळी’ करू देऊ नका. १४ वर्षांखालच्या मुलांना थरात चढवायला मनाई आहे, ती पाळा. महापालिकेची हॉस्पिटलं त्या दिवशी गोविंदांसाठी खाटा राखून ठेवतात.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. विम्याचा दावा करायचा तर केसपेपर, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड लागतं. गाडीने ठोकलं असेल किंवा रेल्वेत अपघात झाला असेल तर हॉस्पिटलमध्ये एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद होते, नुकसानभरपाईसाठी ती महत्त्वाची असते. हाडवैद्याकडून यातलं काहीच मिळत नाही.

अंड्याचा लेप, आंबेहळद, कांडवेल यांचा उपयोग होतो का?

आंबेहळद, रक्तचंदन यांचा लेप मुक्या मारावर, अखंड कातडीवर लावायला हरकत नाही, बऱ्याच जणांना आराम वाटतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकात भिजवलेली पट्टी वाळून कडक होते, म्हणजे ती एक प्रकारचं प्लास्टरच झालं, आणि प्लास्टरचे सगळे धोके तिला लागू. खाली फोड येतात, मुंबईच्या दमट हवेत कातडी कुजते. फोड किंवा ओरखडा असेल तर कोणताच लेप नको.

कांडवेल, म्हणजे हाडसांधी, हिच्यावर संशोधन झालंय आणि हाड जुळायला मदत होण्याची शक्यता त्यात दिसते, पण अभ्यास लहान आहेत. कच्ची खाल्ली तर तोंडाला खाज सुटते. घ्यायचीच असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने घ्या. सरकलेलं हाड ती जागेवर आणत नाही.

त्यापेक्षा तंबाखू सोडा. मिश्री, गुटखा, विडी, सगळंच. हाड जुळायला त्याने खरोखर उशीर होतो, आणि साखर वाढलेली असेल तर आणखी. खायला नाचणी, तीळ, दूध, डाळी, अंडी, आणि मासे खाणाऱ्यांनी काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे. पायाच्या सूपने ताकद येते असं म्हणतात. आवडत असेल तर प्या, पण त्यात कॅल्शियम थोडंच असतं.

हाडवैद्याने दुखणं थांबायला पुड्या दिल्यात. त्यांनी तर जादूच केली.

नाव, घटक आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसलेली पुडी घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. स्टिरॉइडने दुखणं झपाट्याने उतरतं. पण महिनोन् महिने घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

कंबरेत उसण भरली. पायाळू माणसाचा पाय लावून घेऊ का?

हलकेच पाय लावल्याने अपाय नाही, आणि उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरते. लाथ मारून किंवा पाठीवर उभं राहून घेऊ नका. पाय लुळा पडला, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसण्याच्या जागी बधिर वाटलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बाळाचे पाऊल जन्मतः आत वळलेलं आहे. मालिशने सरळ होईल म्हणतात.

नुसत्या मालिशने होत नाही. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदललं की बहुतेक बाळांचे पाय मोठ्या ऑपरेशनशिवाय सरळ होतात. नंतर काही वर्षं झोपताना खास बूट घालावे लागतात, ते चुकवू नका. परळच्या वाडिया हॉस्पिटलमध्ये दाखवा.

प्लास्टर निघालं, पण हात वाकत नाही. आता तरी मालिश करू?

मोठ्या माणसाला हलकं तेल लावून वरवर हात फिरवणं चालेल, कातडी मऊ होते आणि बरं वाटतं. पण आखडलेला सांधा दुसऱ्याने जोर लावून मोकळा होत नाही, तो स्वतःच्या हालचालीने मोकळा होतो. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. व्यायामानंतर थोडं दुखणं ठीक, सूज वाढली तर जास्त झालं. खरं तर व्यायाम प्लास्टरमध्ये असतानाच सुरू व्हायला हवा, बोटं आणि खांदा हलवण्याचा. ते रुग्णाला कुणी सांगत नाही, म्हणून निम्मं आखडणं होतं.

ऑपरेशन सांगितलंय, पैसे नाहीत.

यासाठी हाडवैद्याकडे वळायची गरज नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया येतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. महापालिकेच्या आणि सरकारी हॉस्पिटलांत खर्च तसाही कमी असतो, आणि समाजसेवा विभाग रॉड-प्लेटसाठी ट्रस्टकडून मदत मिळवून देतो. ‘सोशल वर्करला भेटायचंय’ एवढं वॉर्डात स्पष्ट म्हणा.

हाडवैद्यांना कायद्याने परवानगी आहे का?

नाही. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय करायला १९६१ च्या अधिनियमाने मनाई आहे. केरळमधल्या पारंपरिक वैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०१८ मध्ये हेच सांगितलं: पिढीजात ज्ञान आहे म्हणून पात्रता आणि नोंदणीशिवाय उपचार करता येणार नाहीत. आयुर्वेदिक उपचारच हवे असतील तर बीएएमएस झालेले, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंद असलेले वैद्य बघा. वरळीचं पोदार आयुर्वेद रुग्णालय आहे, सायनलाही आयुर्वेदाचं रुग्णालय आहे.

तरीही घरचे ऐकत नाहीत, हाडवैद्याकडेच जाणार. निदान काय सांभाळू?

आधी एक्स-रे, आणि तो डॉक्टरांना दाखवून. तुकडे सरकलेत, सांध्यात चीर आहे, खुबा, पाठीचा मणका किंवा मुलाचं कोपर आहे, तर तिथेच घरच्यांना अडवा. भांडण झालं तरी चालेल. साधं मुरगळणं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर हाडवैद्याकडे गेल्याने आभाळ कोसळत नाही. बांधल्यावर बोटांची टोकं उघडी राहिली पाहिजेत. पहिल्या रात्री दर दोन तासांनी त्यांचा रंग, ऊब आणि हालचाल बघा. जो हाडवैद्य एक्स-रे मागतो आणि ‘हे माझं काम नाही, हॉस्पिटलला न्या’ म्हणतो, तो जाणता. मुंबईत असे आहेत, आणि त्यांनी पाठवलेले रुग्ण वेळेत पोचतात. जो ‘प्लास्टर कापा, ऑपरेशनची गरज नाही, मी गॅरंटी देतो’ म्हणतो, त्याच्या दारातून परत फिरा.

आमच्या घरात चार पिढ्यांची हाडवैद्यकी आहे. वडील थकलेत. मुलाने हे पुढे चालवावं का?

त्याला शिकू द्या. बीएएमएस किंवा फिजिओथेरपी, दोन्हीसाठी ‘नीट’ (NEET) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फिजिओथेरपीचं शिक्षण केईएम, नायर, सायन इथे महापालिकेच्या शुल्कात मिळतं. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाची पारंपरिक उपचार करणाऱ्यांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्र योजना आहे, तीत हाड बसवण्याची विद्याही येते. पण ते प्रमाणपत्र म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे, हे लक्षात ठेवा.

तोवर वडिलांसोबत बसून सगळं लिहून काढा. कोणता सांधा कुठल्या बाजूने ओढायचा, माणूस कसा बसवायचा, कुठे हात लावायचा नाही, कामटी कुठून कुठपर्यंत. हातांचे व्हिडिओ काढून ठेवा, रुग्णाचा चेहरा न दाखवता आणि त्याची परवानगी घेऊन. आणि ज्या रुग्णांना वडिलांनी परत पाठवलं, त्यांच्याबद्दल आवर्जून विचारा. का पाठवलं, काय जाणवलं बोटांना. मुलगा उद्या एक्स-रे वाचायला शिकेल तेव्हा त्याला हेच सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल.